काफिल्यातला ब्रदर : बेंतो द गोइस



ऑक्टोबर महिना आला की आपण मिशन रविवार साजरा करतो. लिफाफे वाटले जातात, मुले घरोघरी जाऊन वर्गणी गोळा करतात आणि मिस्सात मिशनऱ्यांसाठी प्रार्थना होते. मिशनरी म्हटला की संत फ्रान्सिस झेवियरसारखा हजारो लोकांना बाप्तिस्मा देणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. आज मी तुम्हाला एका वेगळ्या मिशनऱ्याची ओळख करून देणार आहे. तो धर्मगुरू नव्हता, साधा ब्रदर होता. ज्यांना शोधायला तो निघाला ते लोक त्याला कधीच भेटले नाहीत. तरीही चारशे वर्षांनंतर जगाच्या इतिहासात त्याचे नाव आहे. त्याचे नाव बेंतो द गोइस. मिशन महिन्यातच, २९ ऑक्टोबर १६०२ रोजी, तो आग्र्याहून आपल्या अखेरच्या प्रवासाला निघाला.

सैनिकाचा ब्रदर झाला

बेंतोचा जन्म १५६२ साली अटलांटिक महासागरातील अझोरेस बेटांवर झाला. ही बेटे पोर्तुगालच्या ताब्यात होती. तरुणपणी तो सैनिक म्हणून हिंदुस्थानात आला. त्या काळचे पोर्तुगीज सैनिक कसे जगत असत हे सांगायला नको. जुगार, मद्य, भांडणे यांतच त्यांचे दिवस जात. बेंतोही त्यांच्यातलाच एक होता. हिंदुस्थानच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर कोलाचेल येथे पवित्र मरियेचे एक छोटे देऊळ होते. तिथे एकदा तो प्रार्थनेला गेला, आणि माऊलीच्या प्रतिमेसमोर गुडघे टेकले असताना आपण आजवर कसे जगलो याचा त्याला मनापासून पश्चात्ताप झाला. तो गोव्याला आला आणि १५८४ साली येशूसंघात दाखल झाला.

पण एका दिवसात संत झालेला माणूस म्हणजे बेंतो नव्हे. व्रते घेण्याआधीच त्याने संघ सोडला. चार वर्षांनी, १५८८ साली, तो पुन्हा गोव्याच्या दाराशी उभा राहिला आणि त्याला परत घेण्यात आले. सोडून गेलेल्याला दार उघडणारे वरिष्ठ त्याला लाभले, ही देवाची कृपाच म्हणायची. आपल्या घरांतही रागाने निघून गेलेले आणि मान खाली घालून परतलेले मुलगे असतात. दार कुणी उघडायचे आणि पहिला शब्द कुणी बोलायचा, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते.

अकबराच्या दरबारात

त्या वेळी उत्तरेत अकबर बादशहाचे राज्य होते. वेगवेगळ्या धर्मांच्या पंडितांना बोलावून त्यांच्या चर्चा ऐकण्याची त्याला आवड होती. त्याच्या निमंत्रणावरून गोव्याहून येशूसंघाचे तिसरे मंडळ १५९४ च्या अखेरीस निघाले आणि १५९५ च्या मे महिन्यात लाहोरला पोहोचले. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातले फादर जेरोम झेवियर त्याचे प्रमुख होते. त्यांच्यासोबत फादर मनुएल पिन्हेरो आणि ब्रदर बेंतो होते. बेंतो फारसी शिकला. दरबारात कसे बोलावे, बाजारात कसे बोलावे हे त्याला छान समजले. बादशहाचाही त्याच्यावर लोभ जडला.

१६०१ साली अकबर खानदेशात होता. आसीरगडचा बलाढ्य किल्ला त्याने नुकताच जिंकला होता. बुऱ्हाणपूरहून त्याने गोव्याच्या पोर्तुगीजांकडे आपला वकील पाठवला आणि त्याच्याबरोबर बेंतोलाही धाडले. आपल्या सोलापूरचा किल्लाही त्या काळात शांत नव्हता. नगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या ओढाताणीत तो सापडलेला होता. अशा धामधुमीच्या दिवसांत बेंतो गोव्याला पोहोचला, आणि तिथेच त्याच्यावर एक विलक्षण जबाबदारी सोपवण्यात आली.

खताई कुठे आहे?

तेराव्या शतकात मार्को पोलो नावाच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याने खताई नावाच्या वैभवशाली देशाचे वर्णन केले होते. पुढे युरोपातले लोक समुद्रमार्गे चीनला पोहोचले, पण खताई म्हणजेच चीन हे बहुतेकांच्या लक्षात आले नाही. नकाशांवर चीन एकीकडे आणि खताई त्याच्या उत्तरेला दुसरीकडे असे दाखवत. लाहोरला एका मुसलमान व्यापाऱ्याने फादर जेरोम यांना सांगितले, की आपण खताईला जाऊन आलो आहोत आणि तिथे येशूला मानणारे पुष्कळ लोक आहेत. त्याने बहुधा बौद्ध मठांतले दिवे, धूप आणि ब्रह्मचारी भिक्षू पाहिले असावेत. पण फादर जेरोम यांना वाटले, की ख्रिस्तसभेची हरवलेली लेकरे तिथे मेंढपाळाविना राहत असतील तर आपण स्वस्थ कसे बसायचे?

त्याच सुमारास बीजिंगला येशूसंघाचे फादर मात्तेओ रिच्ची राहत होते. चीन आणि खताई एकच असे त्यांचे ठाम मत होते आणि तसे त्यांनी कळवलेही होते. पण मत वेगळे आणि खात्री वेगळी. गोव्याच्या वरिष्ठांनी ठरवले, की हिंदुस्थानातून जमिनीवरून कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहावे. निवड झाली बेंतोची.

तांड्याबरोबर

ही वाट एकट्याने चालायची नव्हती. डोंगरांत लुटारू होते, वाळवंटात पाणी नव्हते. त्यामुळे व्यापारी काफिला करून, म्हणजे आपल्या भाषेत तांडा करून, निघत. आपल्या जिल्ह्यात आजही कितीतरी वस्त्यांना तांडा म्हणतात. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरणाऱ्या लमाण बांधवांच्या तांड्यांची ती आठवण आहे. मध्य आशियातले काफिले साधारण असेच असत, पण तिथे बैलांच्या जागी उंट, खेचरे आणि घोडे होते. आपल्याकडे वाटेत गाव लागले नाही तरी विहीर लागते. तिथे कित्येक मजला वाळू आणि खडकाशिवाय काही दिसत नसे.

बेंतोने अर्मेनियन व्यापाऱ्याचा पोशाख केला. अंगात लांब झगा, डोक्याला पागोटे, कमरेला तलवार, पाठीला धनुष्य. केस आणि दाढी वाढवली. नाव घेतले अब्दुल्ला इसाई, म्हणजे ईश्वराचा सेवक, ख्रिस्ती. येथे एक प्रश्न मनात येतो, आणि तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाच्या मनात तर हमखास येतो. हा वेश म्हणजे खोटेपणा नव्हता का? मला वाटते, त्याने घेतलेल्या नावातच उत्तर आहे. त्याने आपला देश झाकला, पण आपला प्रभू झाकला नाही. ख्रिस्ती ही ओळख त्याने नावातच बांधून घेतली, आणि त्यापायी पुढे अनेकदा त्याचा जीव धोक्यात आला.

१६०३ च्या प्रायश्चित्तकाळात लाहोरहून काफिला निघाला. सुमारे पाचशे माणसे होती. बेंतोच्या सोबतीला दोन ग्रीक आणि आयझॅक नावाचा एक अर्मेनियन होता. आयझॅक लाहोरचाच राहणारा, बायकामुलांचा धनी. पेशावरच्या पुढच्या डोंगराळ भागात लुटारू वरून दगड लोटत असत, म्हणून तिथे चारशे शिपायांचे संरक्षण घ्यावे लागले. कसाबसा काफिला काबूलला पोहोचला. पुढच्या वाटेचे नुसते वर्णन ऐकून एक ग्रीक तिथूनच माघारी वळला, दुसरा व्यापारासाठी मागे राहिला. उरले बेंतो आणि आयझॅक.

काबूलला एक घटना घडली. काशगरच्या राजघराण्यातील एक वृद्ध स्त्री मक्केची यात्रा करून परत चालली होती. तिच्याजवळचे पैसे संपले होते. बेंतोने आपला माल विकून तिला सहाशे सोन्याची नाणी दिली, आणि व्याज घ्यायला नकार दिला. हाजला जाऊन आलेल्या मुसलमान बाईला एका कॅथलिक ब्रदरने अडचणीत हात दिला. पुढे परक्या मुलखात याच स्त्रीच्या घराण्याची ओळख त्याच्या उपयोगी पडली, आणि तिने ते कर्ज उत्तम प्रतीच्या जेड दगडांच्या रूपाने फेडले.

काबूलनंतर हिंदुकुश आणि पामीरचे पठार. आपण सोलापूरकर उन्हाला सरावलेले आहोत. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला तरी आपले व्यवहार चालू असतात. पामीरमध्ये संकट उलटे होते. तिथल्या थंडीत आणि विरळ हवेत माणसाला श्वास घेणे जड जाते. बेंतोचे पाच घोडे त्या थंडीत मेले. नोव्हेंबर १६०३ मध्ये तो यार्कंदला पोहोचला. काबूलचा काफिला तिथे संपत असे. पुढे चीनकडे जाणारा काफिला वेगळा.

व्यापाराची रीत

या काफिल्याची रीत मोठी गमतीची होती. चीनच्या बादशहाला परदेशी व्यापारी नको होते. पण दूरच्या राजांचे वकील नजराणे घेऊन आले तर तो त्यांना आत घेई, त्यांचा खर्च करी आणि भारी भेटी देऊन परत पाठवी. मग व्यापाऱ्यांनी वकिलांचे सोंग घ्यायला सुरुवात केली. काफिल्याचे नायकपद राजाकडून मोठी किंमत देऊन विकत घ्यायचे, आणि नायकाने उरलेल्या जागा इतरांना विकायच्या. चीनच्या दरबारालाही हे सोंग माहीत होते. पण मान दोघांचाही राहत होता आणि व्यापारही चालत होता. माल होता मुख्यतः जेड. खोतानजवळच्या नद्यांमध्ये बुड्या मारून आणि डोंगर फोडून हा दगड काढत. चीनमध्ये त्याला फार मोल होते.

असा काफिला जमायला बेंतोला यार्कंदला वर्षभर थांबावे लागले. नोव्हेंबर १६०४ मध्ये तो निघाला. तकलामकान वाळवंटाच्या कडेकडेने, अक्सू, कुचा अशी एक-एक हिरवी वस्ती गाठत ते चालले. सुमारे हजार वर्षांपूर्वी ह्युएन त्संग हा चिनी भिक्षू याच प्रदेशातून हिंदुस्थानात आला होता आणि आपल्या महाराष्ट्रापर्यंत पोहोचला होता. वाळवंटातल्या या वाटांवरून रेशीम आणि जेड गेले, तसे धर्मही गेले.

काराशहर येथे बेंतोला तीन महिने थांबावे लागले. तिथल्या सुभेदाराने मौलवींबरोबर त्याची चर्चा घडवून आणली. बेंतोचे म्हणणे ऐकून, ख्रिस्ती लोकही खरे ईश्वरभक्त आहेत आणि आपले पूर्वजही त्याच धर्माचे होते, असे त्या सुभेदाराने सर्वांसमोर सांगितले. तिथेच चीनहून परतणारा एक काफिला भेटला. त्यातले व्यापारी बीजिंगला परदेशी पाहुण्यांच्या सरायीत उतरले होते, आणि त्याच सरायीत काही ख्रिस्ती धर्मगुरू राहत होते असे ते सांगू लागले. पुरावा म्हणून त्यांनी एक कागदाचा तुकडा दाखवला. केरात पडलेला तो कागद त्यांनी घरी दाखवायला म्हणून उचलून आणला होता. त्यावर पोर्तुगीज अक्षरे होती! बेंतोला आनंद आवरेना. ते धर्मगुरू म्हणजे फादर रिच्ची आणि त्यांचे सोबती. म्हणजे खताई हाच चीन, आणि व्यापाऱ्यांचे खानबालिक हेच बीजिंग. युरोपच्या पंडितांचा कित्येक वर्षांचा प्रश्न वाळवंटातल्या एका मुक्कामावर, केरातल्या चिठोऱ्याने सुटला.

काळोखातली हाक

पण याच क्षणी दुसरी गोष्टही त्याच्या ध्यानात आली असणार. खताई जर चीनच असेल, तर हरवलेल्या ख्रिस्ती बांधवांचा तो मोठा समुदाय कुठेच नव्हता. ज्याच्यासाठी निघालो ते नाहीच. तरी तो पुढे चालत राहिला.

हामीपासून चीनच्या भिंतीपर्यंत गोबी वाळवंटाचा नऊ दिवसांचा टप्पा होता. टोळ्यांच्या धाडी पडत, म्हणून काफिला रात्री, अगदी मुकाट्याने चाले. वाटेत मारल्या गेलेल्या प्रवाशांची प्रेते पडलेली दिसत. अशाच एका रात्री बेंतो घोड्यावरून पडला आणि अर्धमेला होऊन वाळूत पडून राहिला. पुढे चाललेल्या कुणालाच पत्ता नव्हता. मुक्कामावर पोहोचल्यावर आयझॅकच्या लक्षात आले, की बेंतो आलेलाच नाही. काफिल्यात एक नियम असतो. जो मागे राहिला तो राहिला, सगळ्यांचा जीव एकासाठी धोक्यात घालायचा नाही. पण आयझॅक एकटाच मागे फिरला. काळोखात काही दिसेना. शोधून शोधून थकला असता त्याला एक क्षीण आवाज ऐकू आला. कुणीतरी येशूचे नाव घेत होते. त्या आवाजाच्या दिशेने तो गेला आणि त्याने आपल्या सोबत्याला उचलून आणले.

दाराशी आलेला मृत्यू

भिंतीच्या दारावर परवानगीसाठी थांबून १६०५ च्या नाताळाच्या सुमारास ते सुचौ या गावी पोहोचले. आज त्याला जिउच्वान म्हणतात. बीजिंगला जायचे तर सरकारी परवाना हवा, आणि तो मिळायला कित्येक महिने लागत. बेंतोने फादर रिच्चींना पत्र लिहिले, पण त्यावर चिनी अक्षरांत पत्ता घालता न आल्याने ते पोहोचलेच नाही. १६०६ च्या ईस्टरच्या सुमारास लिहिलेले दुसरे पत्र नोव्हेंबरमध्ये बीजिंगला मिळाले. रिच्चींनी ताबडतोब जुआंव फर्नांदेस हे ख्रिस्ती नाव घेतलेल्या एका चिनी तरुणाला पाठवले. भर हिवाळ्यात तो निघाला. वाटेत त्याचा नोकर अर्धे पैसे घेऊन पळून गेला.

मार्च १६०७ च्या अखेरीस तो सुचौला पोहोचला तेव्हा बेंतो अंथरुणाला खिळलेला होता. जवळचे पैसे जवळजवळ संपले होते. तरुणाने पोर्तुगीज भाषेत त्याला हाक मारली. कित्येक वर्षांनी आपली भाषा कानावर पडली! बेंतोने पत्रे हातात घेतली, डोळ्यांत पाणी आले, आणि मंदिरात बाळ येशूला हातात घेतल्यावर वृद्ध शिमोनने गायिलेले स्तोत्र तो म्हणू लागला. आम्ही धर्मगुरू रोज रात्री झोपण्यापूर्वी हेच स्तोत्र म्हणतो. अकरा दिवसांनी, ११ एप्रिल १६०७ रोजी, त्याने देह ठेवला. वय होते पंचेचाळीसच्या आसपास.

जवळ धर्मगुरू नव्हता. पापनिवेदन नाही, कम्युनियन नाही, पवित्र तेल नाही. आयझॅक आणि फर्नांदेस या दोघांना एकमेकांची भाषाही येत नव्हती. दफनविधीचे पुस्तक नव्हते. त्यांनी जपमाळेची प्रार्थना केली आणि त्याला मातीत ठेवले.

मरताच काफिल्यातल्या काही सोबत्यांनी त्याची मालमत्ता लुटली. त्याने रोजच्या प्रवासाची वही ठेवली होती. तीत कुणाला किती उसने दिले हेही लिहिलेले होते, म्हणून देणेकऱ्यांनी ती फाडून टाकली. फर्नांदेसने आयझॅककडून थोडी फारसी शिकून घेतली आणि महिनोन्‌महिने कचेरीत दाद मागितली. अखेर वहीचे काही तुकडे, तीन राजांची परवानापत्रे आणि एक क्रूस हाती आला. तो क्रूस सोनेरी कागदावर रंगवलेला होता. धातूचा क्रूस जवळ बाळगणे धोक्याचे, म्हणून बेंतोने हा कागदी क्रूस सारा प्रवासभर जपला होता. सण आणि उपवास चुकू नयेत म्हणून पुढील कित्येक वर्षांच्या सणांचे कोष्टकही त्याने निघतानाच सोबत घेतले होते.

या तुकड्यांवरून आणि आयझॅकच्या आठवणींवरून फादर रिच्चींनी बेंतोची हकिकत लिहून काढली. १६१० मध्ये रिच्ची वारले आणि १६१५ मध्ये ती युरोपात प्रसिद्ध झाली. आज आपण बेंतोबद्दल जे जाणतो ते बहुतेक यामुळेच.

चौलचा आयझॅक

आणि आयझॅकचे काय झाले? बीजिंगहून त्याला मकावमार्गे समुद्राने हिंदुस्थानात पाठवण्यात आले. वाटेत डच लोकांनी जहाज पकडले. मलाक्काच्या पोर्तुगीजांनी खंडणी भरून त्याला सोडवले. हिंदुस्थानात आल्यावर त्याला कळले, की आपली पत्नी वारली आहे. मग तो उत्तरेला गेलाच नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौल येथे तो स्थायिक झाला. अलिबागला सहलीला जाताना तुमच्यापैकी काहींनी रेवदंड्याच्या तटबंदीतल्या पडक्या चर्चच्या भिंती पाहिल्या असतील. गोबीच्या काळोखात हाकेमागे गेलेला तो माणूस आपल्याच किनाऱ्यावर राहिला. त्याने व्रते घेतली नव्हती, कुठली पदवी मिळवली नव्हती. तो एक प्रापंचिक ख्रिस्ती होता. तो मागे फिरला नसता तर बेंतोची हकिकत वाळूतच संपली असती.

आपण कामाचे मोजमाप फळावरून करतो. किती बाप्तिस्मे झाले, किती वर्गणी जमली, किती लोक मिस्साला आले. माझ्याही वार्षिक अहवालात हेच आकडे असतात. त्या हिशोबाने बेंतोच्या नावापुढे शून्य येते. पण माणूस कशासाठी निघाला, वाटेत कुणाशी कसा वागला आणि शेवटी कुणाचे नाव घेऊन पडला, याचाही एक हिशोब असतो. तो आपल्या हातात नाही, आणि ते बरेच आहे.

बेंतोच्या मृत्यूची गोष्ट वाचताना मला दरवेळी एक रात्र आठवते. एका आजारी आजीसाठी मला निरोप आला. मी दुसऱ्या गावी होतो. पोहोचलो तेव्हा अर्धा तास उशीर झाला होता. शेजारची बाई खाटेजवळ बसून तिच्यासाठी जपमाळ करीत होती. मी मनातून फार खजील झालो. पण त्या बाईने जे केले तेच आयझॅक आणि फर्नांदेस यांनी केले होते, आणि देवाने ते नक्कीच स्वीकारले असेल.

म्हणून या मिशन रविवारी वर्गणीच्या लिफाफ्याबरोबर आणखी एक गोष्ट मागतो. आपल्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेले, चर्चला येऊ न शकणारे कितीतरी जण आहेत. कुणी वस्तीच्या टोकाला एकटे राहते, कुणाची मुले पुण्या-मुंबईला किंवा आखातात आहेत. त्यांची नावे चर्चच्या कार्यालयात कळवा. शेवटच्या घटकेची वाट पाहू नका, आधीच कळवा म्हणजे मला वेळेवर येता येईल. आणि या आठवड्यात कुणीतरी मागे राहिले आहे असे लक्षात आले, तर आयझॅकसारखे थोडे मागे फिरून पाहा. हाक क्षीण असते, पण थांबले तर ऐकू येते.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा,
धर्मगुरू